सांधा

एर्मोसियो. जुलै. दुपारचे अडीच.
छपरावर पाना खाली ठेवायचा नाही,
पाचच मिनिटांत आपलाच पाना आपल्याला चावतो.

खाली दोन्या क्रेसेन्सिया पांढरं सॅटिन शिवतेय.
शनिवारी कुणाच्या तरी पोरीला पंधरावं लागणार,
आणि सॅटिनवर घामाचा एक थेंब पडला
की डाग जन्मभर चुगली करतो.
मानेला टॉवेल गुंडाळून, हात लांब धरून
ती टाके घालतेय, जणू कापड तान्हं आहे.

"गॅस संपला असेल," फोनवर म्हणाली.
सगळेच म्हणतात.
जणू गॅस म्हणजे डब्यातलं मीठ.
गॅस संपत नसतो, दोन्या.
तो आत असतो,
नाहीतर कुठूनतरी निघून गेलेला असतो.

यंत्र घुंऽऽ करतं, टक् म्हणतं, गप्प.
थोड्या वेळाने पुन्हा घुंऽऽ. टक्.
कपॅसिटर चाळीसचा, मीटरवर अडतीस. त्याचा दोष नाही.
गेल्या वर्षी कुणीतरी तोच बदललाय,
त्याच्या आदल्या वर्षी पंख्याची मोटर.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
मग वाइंडिंग. इथे मी नेहमी श्वास धरते.
आकडे जागच्या जागी. पत्र्याला कुठे शिवत नाहीत.
म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत आहे,
नुसता फणफणलाय.

वीज तोडून त्याच्या डोक्यावर पाण्याची नळी सोडते.
टाकीतलं पाणीही आंघोळीला चालेल इतकं कढत,
तरी त्याला ते गारच.
वीस मिनिटं चर्र, मग नुसती टपटप.
मग चालू होतो, आजारातून उठल्यासारखा, थरथरत,
आणि गेजचा काटा
एकशे तीसवर हवा तो साठावर बसून राहतो.
छेचाळीस अंशांच्या उन्हात
बारीक नळीवर पांढरं दव गोठतंय.
परतणारा गार गॅसच त्याच्या अंगाला वारा घालतो.
तोच अर्ध्यावर आला, तर तापेल नाही तर काय करेल?

नळी धरून चालत जाते, कठड्यापर्यंत.
कोपऱ्यावर तेलकट डाग, त्याच्यावर धुळीची साय.
साबणाचा फेस लावते.
एक बुडबुडा. थांबून, दुसरा.
घाई नाही त्याला. सहा वर्षं तो असाच येतोय.

सहा वर्षं मला कसं माहीत?
क्लॅम्पवर हिरव्या रंगाचा ठिपका आहे.
हिरवा ठिपका मी लावायचे,
नवी होते तेव्हा, प्रत्येक सांध्याशेजारी,
चित्रकार सही करतो तसा.

नळी कापली. आत काळे पापुद्रे.
नायट्रोजन न सोडता जोडलेलं तांबं आतून असंच जळतं.
आठवलं: सिलिंडर रिकामा होता, डिसेंबर होता,
अंधारून आलं होतं,
आणि बाहेरून सांधा इतका देखणा दिसत होता.

खाली गेले.
"सांधा गळत होता."
"कुणी केलेला?"
सुई थांबली नाही तिची.
"मी."
आता थांबली.
तीन उन्हाळे गॅसचे पैसे मोजलेत तिने,
तीन वेगळ्या माणसांना.
ते सगळे तिच्या तोंडावरून एकेक करून गेले.
मग दातांनी दोरा तोडत म्हणाली,
"दुसऱ्याची शिवण उसवताना हात चालतो.
आपली उसवायची म्हणजे डोळे फुटतात.
मजुरी मिळणार नाही, एदुविहेस.
आणि शनिवार म्हणजे शनिवार."

आता छपरावर व्हॅक्यूम पंप गुरगुरतोय.
नवा सांधा तितकासा देखणा नाही.
पंप बंद करीन, आणि अर्धा तास
काट्याकडे बघत बसेन, तो हलतो का.
खालून शिलाई मशीन चालतं, अडतं, चालतं.
हिरवा मार्कर पेटीत आहे.
अजून टोपण काढलेलं नाही.